पाचवा दाणा

माझ्या घरी वरणाला फोडणी द्यायची वेळ झाली की सगळे आपापली कामं घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर पडतात. मुलगा म्हणतो, "चला, आईची परेड सुरू झाली." कारण ती दोन मिनिटं मी कोणाला बोलू देत नाही. टीव्ही बंद, मोबाइल बंद, नळाची धारसुद्धा बंद. कढईपाशी कान देऊन उभी राहते. मेथीदाणा लाल होऊन काळा पडायच्या आधी एक क्षण येतो, तो डोळ्यांना उशिरा कळतो आणि कानांना आधी. आता चाळिशी ओलांडली, गुडघे कुरकुरतात, चष्म्याचा नंबर दरवर्षी वाढतो, पण कान शाबूत आहेत. हा कान मला एका बंगाली बाईने दिला आणि त्याच्या जोरावर आम्ही मायलेकींनी एकदा गावातल्या भल्याभल्यांची नाकं खाली केली. ही गोष्ट मी तोंडाने शंभरदा सांगितली आहे. आता लिहून ठेवते, म्हणजे माझ्यामागे तिला कोणी तिखटमीठ लावणार नाही. लावायचं तेवढं मीच लावते.

आमचं गाव शहापूरहून हमरस्ता सोडून आत, सायकलने अर्ध्या तासावर. तेव्हा गोंदिया वेगळा होऊन जिल्ह्याचे नुकतेच दोन तुकडे झाले होते आणि बाबा कामाला होते त्या राइस मिलमधले गोंदियाकडचे हमाल "आता आम्ही तुमच्यात नाही जी" म्हणून बाबांना चिडवायचे. बाबा संध्याकाळी घरी यायचे ते कोंड्याने भुवयांपर्यंत पांढरे होऊन. आई त्यांना अंगणातच थांबवून त्यांच्या डोक्यावर पाणी ओतायची, मग घरात घ्यायची. विहाराच्या मागे आमचं दोन खोल्यांचं घर आणि घरामागे वाडी. वाडीत वांगी, पालक, लसूण आणि सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर. घरात आईचं राज्य आणि आईच्या राज्यात पाट्या-वरवंट्याचं राज्य. सकाळी मला जाग यायची ती वरवंट्याच्या घसरण्याच्या आवाजाने. आमच्याकडे मसाला म्हणजे आधी भाजायचा, मग वाटायचा, इतका बारीक की बोटाला कण लागता कामा नये. वरणात अख्खा दाणा तरंगताना दिसला तर पाहुणे समजायचे, बाई आळशी आहे. रोजचं जेवण म्हणजे भात आणि लाखोरीचं, म्हणजे लाखेच्या डाळीचं वरण, वर लसणाचा ठेचा. आईच्या हाताला अशी चव होती की बाबा तिसऱ्यांदा भात घेताना स्वतःच लाजायचे. पण या हाताची चव आमच्या मोहल्ल्याबाहेर कोणालाच ठाऊक नव्हती. गावात मोठ्या मोहल्ल्यात आई धानाच्या रोवणीला, निंदणीला जायची, त्यांची लग्नं असली की पंधरा पंधरा किलो तांदूळ निवडायची, पण त्यांच्या चुलीजवळ आम्हा बौद्धांपैकी कोणी कधी गेलं नव्हतं. आईचं नाव सुशीला. ते नाव त्या मोहल्ल्यात कोणी घेत नसे. तिथे ती "मिलवाल्याची बाई" होती.

मी शहापूरच्या हायस्कुलात जायचे आणि जाताना सायकलच्या कॅरिअरवर वाडीतल्या भाजीच्या जुड्या न्यायचे. ठरलेली चार-पाच घरं होती. त्यातलं एक घर बंगालीन बाईचं. तिचे यजमान कारखान्यात नोकरीला होते आणि क्वार्टर मिळेपर्यंत ती दोघं हायस्कुलाच्या मागे भाड्याने राहत होती. बाकीच्या घरी मी दारातून जुडी द्यायचे आणि दारातूनच वळायचे. पहिल्याच दिवशी ही बाई माझ्यावर खेकसली, "बाहर काहे को खड़ा है? धूप में काला हो जाएगा. अंदर आओ." तिच्या हिंदीत बाई-पुरुष असा भेद नव्हता, सगळे सारखेच. मला दंडाला धरून तिने थेट स्वयंपाकघरात नेलं, पाटावर बसवलं आणि स्वतः कढईकडे वळली. कढईत कोहळ्याच्या, म्हणजे तुमच्या लाल भोपळ्याच्या फोडी होत्या. आमच्या वाडीतलं ते आळणी, गिळगिळीत कोहळं, जे पानात वाढलं की मी आईची नजर चुकवून शेळीला घालायचे. तिने बशीत चार फोडी दिल्या. मी एक तोंडात टाकली आणि दाताखाली काहीतरी कट्कन फुटलं. आधी बडीशेपेचा गोडवा आला, मग किंचित कडसर काहीतरी, मग एक वास, जो मी तोवर आयुष्यात घेतला नव्हता. मी बशी पुसून खाल्ली आणि वर निर्लज्जपणे पुन्हा पुढे केली. ती इतकी खूश झाली की म्हणाली, "आज से हमको काकीमा बोलना."

पाचफोडन, तिने नाव सांगितलं. एका बाटलीत पाच प्रकारचे दाणे होते. जिरं, मोहरी, बडीशेप आणि मेथी मी ओळखली. पाचवा दाणा काळा, टोकदार, मुंगीच्या डोक्याएवढा. कलौंजी. तो तिच्या माहेराहून यायचा. सगळे दाणे सारखे घ्यायचे, फक्त मेथी निम्मी. तिने कागदात बांधून मला एक पुडी दिली आणि दारापर्यंत येऊन बजावलं, "पीसना नहीं. साबुत डालेगा. समझा?" मी मान हलवली.

समजलं होतं मला, पण घरी येऊन पुडी आईच्या हातात दिली तेव्हा आईने काही न विचारता तवा ठेवला. दाणे भाजले. पाटा धुतला. मी बाजूला उभी राहून बघत होते. आईला कोणत्या तोंडाने सांगायचं की मसाला वाटू नको? पंधरा वर्षांच्या पोरीने, जिला धड भाकर थापता येत नव्हती? आईने वरवंटा फिरवला, आणखी फिरवला, काळपट गंधासारखं वाटण केलं आणि लाखोरीच्या वरणात घातलं. बाबांनी पहिला घास घेतला आणि भिंतीकडे बघत बसले. मग म्हणाले, "वरण होय का काढा होय?" वाटलेल्या मेथीने सगळं वरण कडू जहर झालं होतं. त्या संध्याकाळी आम्ही ठेच्याशी भात खाल्ला आणि आईने जाहीर केलं, "त्या बंगालीन बाईची पुडी माया घरात पुन्हा आनू नोको."

दुसऱ्या दिवशी मी काकीमाला खरं ते सांगितलं. ती हसत हसत खालीच बसली. मग तोंड पुसून तिने मला कढईपुढे उभं केलं आणि माझे डोळे तिच्या पदराने बांधले. हो, बांधले. "आँख झूठ बोलता है, कान सच," असं म्हणाली. तेल तापलं, तिने दाणे टाकले. आधी मोहरी तडतडली, ती सगळ्यांत उतावळी. तिच्यामागोमाग जिऱ्याची चुरचुर. मग आवाज दाट झाला, एकमेकांत मिसळला आणि हळूहळू विरळ होऊ लागला. "अब," ती म्हणाली, "अब मेथी लाल है. और दो बार साँस लेगा तो काला. अब डाल डालो." पुढचे सहा महिने, आठवड्यातून दोनदा, भाजी देऊन शाळेची घंटा होईपर्यंत मी तिच्या कढईपुढे डोळे मिटून उभी राहायचे. किती मेथी जाळली त्याचा हिशेब नाही. ती जळलेलं फेकून द्यायची आणि परत तेल ओतायची. माझ्या आयुष्यात मला इतक्या शांतपणे चुका करू देणारं माणूस त्याआधी भेटलं नव्हतं, नंतरही फार भेटली नाहीत.

दिवाळीनंतर तिच्या यजमानांची बदली झाली. निघताना तिने मला पाच वेगवेगळ्या पुड्या दिल्या, एकत्र नाही. म्हणाली, "मिलाना तुम सीखो." मी रडले, ती रडली, तिच्या यजमानांनी रिक्षावाल्याला थांबवून ठेवलं. पुड्या मी घरी आणून डब्यांच्या मागे लपवल्या, आईच्या धाकाने. चार दिवसांनी बघते तो चारच पुड्या. काळी पुडी गायब. घर पालथं घातलं, आईला विचारायची सोय नव्हती, शेवटी रडवेली होऊन बाबांना विचारलं. बाबा मिशीत हसले. म्हणाले, "कांद्याचं बी होय ना थे? कोनी ठेवलं का मालूम, डब्यामागं पडून होतं. वाया जाईन म्हनून मी लसनाच्या वाफ्याबाजूले पेरून टाकलं." बाबांची चूक नव्हती. धानाच्या गावात वाढलेल्या कोणत्याही माणसाने तेच केलं असतं. कांद्याचं बी आणि कलौंजी शेजारी ठेवली तर भल्याभल्या शेतकऱ्याला ओळखू येत नाही. पण मी बाबांशी दोन दिवस बोलले नाही.

वाफ्यात जे उगवलं ते पाहून बाबा चक्रावले. कांद्याची सरळ पात यायच्या जागी शेपूसारखी बारीक, मऊ पानं आली. पौष सरता सरता त्यावर फिकट निळी फुलं धरली. बाबा रोज मिलला जाताना वाफ्यापाशी थांबायचे आणि डोकं खाजवायचे. "कायचा कांदा होय हा? निळा फूल देऊन राहिला." शेजारी येऊन बघायचे आणि बाबांची टर उडवायचे. आई म्हणायची, उपटून टाका, लसणाचं पाणी खाते. मी म्हणायचे, राहू दे. बाबा म्हणायचे, पेरलं तं कापेपर्यंत उपटाचं नसते. बाबांच्या या एका नियमामुळे पुढचं सगळं घडलं.

त्याच हिवाळ्यात गावच्या प्राथमिक शाळेत पोरांना शिजवून खाऊ घालायचा आदेश आला. तोवर महिन्याला कोरडे तांदूळ घरी मिळायचे, आता शाळेतच खिचडी. शिजवायला बाई पाहिजे. गावातल्या बायकांच्या गटात विचारणा झाली, पण टिनाच्या छपराखाली दोन तास चूल फुंकायला कोणी तयार होईना. आई तयार झाली. तेव्हा कोणीच काही बोललं नाही. आईने शाळेचा मोठा गंज, म्हणजे ते दोन माणसांनी उचलायचं पातेलं, राखेने घासून असा लखलखीत केला की त्यात तोंड दिसावं. पहिल्या दिवशी ती विहारात जायची पांढरी साडी नेसून शाळेत गेली. दुपारी परत आली ती निम्मा गंज भरलेला घेऊन. आमच्या मोहल्ल्यातली पोरं जेवली. मोठ्या मोहल्ल्यातली पोरं दप्तरं उचलून घरी गेली. दुसऱ्या दिवशी तेच. आठवडाभर तेच. कोणी भांडलं नाही, कोणी शिवी दिली नाही. घरून शिकवून पाठवलेली पोरं सुट्टी झाली की गंजाकडे पाठ करून मुकाट्याने निघून जायची. आई उरलेली खिचडी घरी आणायची. आम्ही ती संध्याकाळी खायचो, शेजारी खायचे, शेळ्या खायच्या. मी त्या खिचडीचा घास तोंडात घालायचे आणि तो फुगत जायचा. खिचडी चांगलीच असायची.

शाळा समितीचे अध्यक्ष नामदेवभाऊ. मोठ्या मोहल्ल्यातले, धानाची मोठी शेती, बोलणं लोण्यासारखं. त्यांची नात पिंकी तिसरीत होती, तीही न जेवणाऱ्यांत. दहावीचा माझा शेवटचा पेपर झाला त्या दिवशी मी घरी आले तर आई पाट्यापुढे बसली होती आणि पाट्यावर काहीच नव्हतं. गुरुजींनी तिला निरोप दिला होता. शनिवारी समितीची सभा आहे. निम्म्याहून जास्त पोरं जेवत नाहीत, अन्न वाया जातं, म्हणून बाई बदलायची. गुरुजी भले होते, पण भित्रे. त्यांनी खाली बघत सांगितलं असणार.

"सोडून दे," बाबा म्हणाले. "रोवनीले काय कमी हाय?"

आई म्हणाली, "रोवनीचं नाही जी. पोट्ट्याइनं एक घास खाऊन थू केलं असतं तं मी सोडून देल्ली असती. चव नाही आवडली म्हनून. पन चाखलंच नाही ना कोनी. न चाखता माया हात खराब ठरवला." आणि ती रडली. माझ्या आईला रडताना मी तोवर पाहिलं नव्हतं. मला इतका राग आला की मी उठून मागे वाडीत गेले. तिथे तो काळ्या बियांचा वाफा वाळून खडखडीत उभा होता. मी रागाच्या भरात एक बोंड मुठीत चुरडलं. हातात काळे दाणे पडले आणि तो वास आला. काकीमाच्या स्वयंपाकघराचा वास. बाबांनी पेरलेल्या चिमूटभर पुडीची दीड-दोन शेर कलौंजी वाफ्यात उभी होती.

शनिवारला तीन दिवस होते. आईला मनवायला त्यातला एक गेला. ती कडू वरण विसरली नव्हती. "शंभर पोट्ट्यांचा सयपाक होय, तुया बाहुलीचा खेळ नाही. जळलं तं उद्याची सभा आजच होऊन जाईन." मग मी तिला जे कधी सांगितलं नव्हतं ते सांगितलं, की काकीमाने वाटू नको म्हटलं होतं आणि मी भीतीने बोलले नव्हते. आईने पाट्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "म्हंजे माया वरवंट्याचीच चूक होती." आणि हसली. गुरुवारी तिने घरच्या कढईत माझ्याकडून फोडणी करवून घेतली, लाखोरीच्या वरणावर. बाबांनी चार वेळा भात घेतला आणि लाजले नाहीत.

शुक्रवारी सकाळची शाळा होती. उन्हाळा लागला की आमच्याकडे शाळा भल्या सकाळी भरते आणि पोरं नुसत्या चहावर येतात. दहा वाजेपर्यंत सगळ्यांची पोटं पाठीला लागलेली असतात. हे मला ठाऊक होतं, कारण मीही त्याच शाळेत शिकले होते. म्हणून मी आईची रोजची रीत मोडली. आई आधी फोडणी करून त्यात डाळ-तांदूळ शिजवायची, शाळेच्या मागे, जिथे सगळा वास शेतांकडे निघून जायचा. मी म्हटलं, डाळ-तांदूळ नुसते हळद-मीठ घालून मागे शिजव. फोडणी शेवटी, वरून. आणि ती मागे नाही, पुढे, वर्गांच्या खिडक्यांसमोर, कडुनिंबाखाली. दोघींनी मिळून कढत गंज ओढत पुढे आणला. तीन विटा मांडल्या, लग्नाची मोठी कढई ठेवली, आठवड्याचं तेल एकदम ओतलं. आईने ते पाहून डोळेच मिटले. आता चुकायला जागा नव्हती. मेथी जळली असती तर गंजभर खिचडी कडू, तेल संपलेलं आणि उद्या सभा.

तेल तापलं. मी पाच दाण्यांची ओंजळ सोडली आणि डोळे मिटून घेतले. आत दुसरीचा वर्ग पाढे म्हणत होता, सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, आणि त्या गलक्यात मला आवाज ऐकू येईना. कढईत मोहरी फुटत होती की पोरं ओरडत होती तेच कळेना. मी ओरडले, "चूप बसा रे!" सोळा वर्षांच्या पोरीने गुरुजींच्या वर्गावर ओरडायचं! पण सगळी शाळा खरंच चूप बसली. आणि त्या शांततेत मला ऐकू आलं. दाट आवाज. मग विरळ. मग आणखी विरळ. मी लाल मिरच्या टाकल्या, आईने कढईचा एक कान धरला, मी दुसरा, आणि सगळं तेल गंजात ओतलं. चर्र असा आवाज झाला की कडुनिंबावरचे कावळे उडाले. आणि तो वास खिडक्यांमधून आत शिरला.

घंटा व्हायच्या आधीच पोरं व्हरांड्यात आली. मोठ्या मोहल्ल्यातलीही आली, पण चार हातांवर थांबली. दप्तरं खांद्याला होती, पाय मात्र निघत नव्हते. कोणीतरी म्हणालं, "मुंग्या पडल्या वो खिचडीत!" काळे दाणे बघून सगळी मागे सरकली. आईने शांतपणे डावभर खिचडी घेतली, फुंकली आणि सगळ्यांसमोर स्वतः खाल्ली. दाणे कटकट चावले. "मुंग्या असत्या तं चावल्या असत्या न मले," ती म्हणाली. पोरं हसली. आमच्या मोहल्ल्यातली माया नावाची पोर आपली ताटली घेऊन बसली, मोठाले घास घेऊ लागली. तिची बाकावरची शेजारीण पिंकी, नामदेवभाऊंची नात, तिच्यासमोर उभी राहून बघत होती. तिने एकदा फाटकाकडे पाहिलं. मग दप्तर टाकलं, फतकल मारून बसली आणि मायाच्या ताटलीत हात घातला.

त्यानंतर काय झालं ते मी कितीदाही सांगू शकते. मोठ्या मोहल्ल्यातल्या पोरांकडे ताटल्या नव्हत्या, कारण ती कधी आणतच नव्हती. कोणी कंपासपेटीचं झाकण पुढे केलं, कोणी डब्याचं. पहिली-दुसरीतल्या पोरांनी नळावर पाट्या धुतल्या आणि पाट्या घेऊन रांगेत उभी राहिली. सतराच्या पाढ्यावर माझी आई खिचडी वाढत होती. तिच्या हातातला डाव थांबत नव्हता आणि डोळ्यांतलं पाणीही थांबत नव्हतं, तशीच हसत होती. शेवटी गुरुजी आले. दोन महिन्यांत त्यांनीही एकदा चाखलं नव्हतं. खडूचा रिकामा डबा झटकून त्यांनी पुढे केला आणि म्हणाले, "बाई, मलेही थोडी." आईने खरवडून दिली. गंज रिकामा झाला होता.

शाळा सुटता सुटता नामदेवभाऊ तणतणत शाळेत गेले म्हणे. गुरुजींनी त्यांना तो गंज दाखवला आणि फक्त एवढंच विचारलं, "अन्न वाया जाते म्हनून बाई बदलाची होती न? आता काय लिहू?" भित्र्या माणसाला एकदा धीर आला की तो असा येतो. शनिवारची सभा झाली नाही. सोमवारी थोडी पोरं कमी आली, मंगळवारी सगळी आली, ताटल्या घेऊन.

पण खरा विजय मी त्यालाही म्हणत नाही. पंधरा दिवसांनी, उन्हं कलल्यावर, आमच्या वाडीच्या कुडापाशी एक बाई उभी दिसली. डोक्यावरून पदर, हातात रिकामी वाटी. नामदेवभाऊंची मंडळी, शेवंताबाई. आमच्या घराच्या मागच्या बाजूनेही ती पहिल्यांदाच येत होती. हळूच म्हणाली, "पिंकी घरी जेवूनच नाही राहिली. शाळेच्या खिचडीवानी वरन पायजे म्हनते. कोनता मसाला होय थो? वाटीभर दे न मले."

आई कुडाकडे गेली नाही. अंगणातून म्हणाली, "मसाला देतो जी, पन सांगून नाही समजत थो. मी बी एकदा वाटून खराब केला होता. पुढच्या दारानं या, बसा. पोरगी करून दाखवन, खाऊन पाहा, मंग न्या."

शेवंताबाईने वाटी पदराखाली घेतली. मी मनात म्हटलं, गेली ही. मग ती कुडाला वळसा घालून रस्त्याने, सगळ्या मोहल्ल्यासमोरून, पुढच्या दाराने आत आली. आईने सतरंजी टाकली. मी काकीमासारखं तिला चुलीजवळच बसवलं, दाणे दाखवले, आवाज ऐकवला. आईने ताट वाढलं. तिने पहिला घास घेतला. बाबा दारात भुवया पांढऱ्या घेऊन तसेच उभे होते. तिने चावलं, गिळलं, दुसरा घास घेतला, बोट चाटलं. आणि मग, शेजारपाजारच्या कोणत्याही बाईने म्हणावं तसं, सहज म्हणाली,

"मीठ जरा कमी पडलं वो सुशीला."

आई जी हसली, जी हसली, की तिला पदर तोंडात धरावा लागला. मिठाचा डबा पुढे करत म्हणाली, "मंग घ्या न जी वरून!" शेवंताबाईने चिमूटभर घेतलं आणि ताट पुसून जेवली. जाताना तिच्या वाटीत आईने कलौंजी भरून दिली, पेरायलाही पुरेल इतकी. त्यानंतर कित्येक वर्षं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगायची, की शेवंताबाईने माझ्या घरी बसून माझ्या वरणातल्या मिठाची खोड काढली. जेवल्याशिवाय का मिठाची खोड काढता येते, असं ती वर विचारायची.

त्या दिवशी वरण मी केलं होतं. मीठ अगदी बरोबर होतं. पण हे मी आईला आजवर सांगितलेलं नाही.